हृदयाची भिंत जाड होते तेव्हा

मनुष्याचे हृदय हा मुख्यतः एक स्नायू होय. दिवसाकाठी सुमारे एक लक्ष वेळा तो आकुंचन पावतो आणि तितक्याच वेळा सैल पडतो. आकुंचनाचे महत्त्व सर्वांच्या ध्यानी येते. सैल पडण्याचे मात्र सहसा येत नाही. पण जे भांडे नीट भरतच नाही, ते ओतणार तरी काय? हृदयस्नायूच्या एका विकारात नेमके हेच घडते. हृदय दुबळे होण्याऐवजी जाड होते, आणि त्या जाडीपायीच आपल्या कामात उणे पडते. वैद्यकात या विकारास 'हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी' म्हणतात. मराठीत त्यास हृदयस्नायूची अतिवृद्धी म्हणता येईल.

हृदयविकार म्हटला, की रक्तवाहिन्यांत साचणारी चरबी आणि उतारवय या गोष्टी मनात येतात. हा विकार त्या जातीचा नव्हे. निरोगी प्रौढ माणसाच्या हृदयातील खालच्या डाव्या कप्प्याची भिंत सुमारे १ सेंटिमीटर जाड असते. ती १५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक जाड झाली आणि त्यास रक्तदाबासारखे दुसरे कारण सापडले नाही, तर या विकाराची शंका घेतली जाते. १९५८ मध्ये लंडनचे शवचिकित्सक डोनाल्ड टीअर यांनी अशा आठ तरुण व्यक्तींची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांतील सात जणांना अकस्मात मृत्यू आला होता. सूक्ष्मदर्शकाखाली पाहता त्यांच्या हृदयातील स्नायुतंतू ओळीने न राहता अस्ताव्यस्त झालेले दिसले. आज हा विकार पाचशे माणसांमागे सुमारे एकास असतो असे मानतात. तेव्हा तो दुर्मीळ म्हणून दृष्टीआड करण्याजोगा खास नाही.

त्याची लक्षणे फसवी असतात. जिना चढताना धाप लागणे, छातीत दुखणे, धडधडणे, श्रम करताना डोळ्यांपुढे अंधारी येणे किंवा शुद्ध हरपणे ही त्यांतील प्रमुख होत. कित्येकांना तर काहीच जाणवत नाही. पुष्कळ रुग्णांत दोन खालच्या कप्प्यांमधील पडदा अधिक जाड होतो. मग आकुंचनाच्या वेळी शेजारच्या झडपेची पाकळी त्याच्याकडे ओढली जाते आणि रक्त बाहेर पडण्याची वाट अरुंद होते. कप्पा जितका कमी भरलेला, तितक्या त्याच्या भिंती जवळ येतात आणि अडथळा वाढतो. एवढी एक गोष्ट समजली, की पथ्याचे मर्म उमगते. कडक उन्हात पाण्यावाचून राहणे, निर्जळी उपवास, जुलाब-वांत्यांकडे केलेले दुर्लक्ष आणि मद्यपान हे सारे अशा रुग्णास बाधते. छातीत दुखते म्हणून दुसऱ्या कोणाची नायट्रेटची गोळी जिभेखाली ठेवणे तर धोक्याचेच. ज्या गोळीने एका हृदयरोग्यास उतार पडतो, तिनेच दुसऱ्याचा अडथळा वाढू शकतो.

परंतु या विकाराचे सर्वांत महत्त्वाचे वैशिष्ट्य वेगळेच आहे. पुष्कळदा तो आनुवंशिक असतो. स्नायूतील प्रथिने घडविणाऱ्या एखाद्या जनुकात दोष असल्यास तो माता किंवा पिता यांच्यापासून प्रत्येक अपत्याकडे जाण्याचा संभव निम्मा असतो. मुलगा आणि मुलगी असा भेद त्यात नाही. २००९ मध्ये हैदराबादच्या 'सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायॉलॉजी' या संस्थेतील शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या एका संशोधनात असे दिसून आले, की हृदयस्नायूच्या एका जनुकातील २५ अक्षरांचा लोप दक्षिण आशियातील शंभर माणसांपैकी सुमारे चौघांत आढळतो आणि त्याचा हृदयस्नायूच्या विकारांशी संबंध आहे. हा लोप असणाऱ्या प्रत्येकास आजार होतो असे मात्र नाही. तेव्हा त्याने भयभीत होण्याचे कारण नाही. पण घराण्याचा इतिहास विचारण्याचे कारण निश्चित आहे.

आपल्याकडे एखादा तरुण खेळता खेळता कोसळला, तर पुष्कळदा दैवाला बोल लावून माणसे गप्प बसतात. मुलीच्या लग्नात विघ्न नको म्हणून घरातील आजार झाकण्याची रीतही नवी नाही. या विकारात अशी लपवाछपवी प्राणघातक ठरू शकते. घरात एकास निदान झाले, की आईवडील, भावंडे आणि मुले यांनी हृदयाचा विद्युत्-आलेख आणि ध्वनिलहरींनी घेतलेले चित्र, म्हणजे ईसीजी आणि इको, करून घ्यावे. दुसऱ्या तपासणीत वेदना नाही की क्ष-किरण नाहीत. एकदा काही आढळले नाही, एवढ्याने भागत नाही. जाडी पुढे वाढत्या वयातही येऊ शकते. म्हणून मुलांची एक-दोन वर्षांनी आणि प्रौढांची तीन ते पाच वर्षांनी पुन्हा तपासणी करण्याचा प्रघात आहे.

उपचारांची बाजूही आता भक्कम आहे. बीटा-ब्लॉकर किंवा व्हेरापॅमिल या औषधांनी हृदयाची गती मंदावते आणि कप्प्यास भरावयास अवसर मिळतो. औषधांनी अडथळा हटला नाही, तर जाड पडद्याचा काही भाग शस्त्रक्रियेने काढतात, अथवा नळीवाटे मद्यार्क सोडून तो आक्रसवितात. स्नायूचे अतिरिक्त आकुंचन कमी करणाऱ्या मॅव्हाकॅम्टेन या औषधास २०२२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. ठोके अनियमित झाल्यास रक्ताची गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका संभवतो. तेव्हा रक्त पातळ ठेवणारी औषधे द्यावी लागतात. अकस्मात मृत्यूचा धोका अधिक दिसल्यास छातीत एक लहान यंत्र बसवितात. घातक लय सुरू होताच ते विजेचा झटका देऊन ती मोडते. व्यायाम सर्वस्वी वर्ज्य नाही. चालण्यासारखा बेताचा व्यायाम बहुतेकांना हितकर ठरतो. चुरशीच्या खेळाचा निर्णय मात्र तज्ज्ञाला विचारूनच घ्यावा.

योग्य देखरेखीखाली अशा पुष्कळ रुग्णांना इतरांइतकेच आयुष्य लाभते. हा विकार एकाच्या छातीत सापडतो, पण त्याचा शोध घराण्यात घ्यावा लागतो. ज्या घरात आजोबांच्या, आत्याच्या किंवा चुलत्याच्या अवचित मृत्यूची हकीकत मोकळेपणाने डॉक्टरांना सांगितली जाते, त्या घरातील पुढच्या मुलाचे निदान वेळेवर होण्याची आशा असते.