एकोणीस एकांची संख्या

लातूरच्या बाजारांतून आणलेल्या तुरीचे बारा दाणे घेतले, तर ते चार-चारांच्या तीन सारख्या ओळींत मांडतां येतात. अकरा दाण्यांचें तसें होत नाहीं. त्यांची एकच लांब ओळ होते. ज्या संख्येस १ व ती स्वतः यांवांचून दुसरा विभाजक नाहीं, तिला मूळसंख्या म्हणतात.

आतां केवळ १ हा अंक पुन्हां पुन्हां लिहून होणाऱ्या संख्या पाहूं. देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनीं अशा संख्यांच्या वर्गांचा अभ्यास केला. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१. यांना त्यांनीं डोंबिवली स्टेशनावरून ‘डेम्लो संख्या’ असें नांव दिलें.

पण एकांच्या या संख्यांपैकीं मूळ कोणत्या? ११ मूळ आहे. १११ म्हणजे ३ × ३७. सहा एक घेतल्यास त्यांचे दोन-दोनांचे तीन गट पडतात, म्हणून त्या संख्येस ११ नें भाग जातोच. तेव्हां एकांची गणती मूळ असली पाहिजे, हें उघड आहे. परंतु तेवढ्यानें भागत नाहीं. पांच ही मूळसंख्या, तरी ११,१११ म्हणजे ४१ × २७१; सात एक म्हणजे २३९ × ४६४९.

सतरा एकांची गोष्ट तर मोठी बोधप्रद आहे. तिचा सर्वांत लहान विभाजक २०,७१,७२३ हा आहे. एखाद्यानें वीस लक्षांपर्यंतच्या सर्व संख्यांनीं भागून पाहिलें, भाग गेला नाहीं, व त्यानें तिला मूळ ठरविलें, तर त्याचे सारे श्रम खरे असूनही निष्कर्ष खोटा ठरेल! पुष्कळदां पडताळा येणें निराळें आणि सिद्ध होणें निराळें.

एकोणीस एकांची संख्या मात्र खरोखरच मूळ आहे. तिची परीक्षा साध्या भागाकारानें करावयाची, तर वर्गमूळापर्यंतच्या, म्हणजे सुमारें १०५ कोटींपर्यंतच्या, पांच कोटींहून अधिक मूळसंख्यांनीं भागावें लागेल. मिनिटास एक भागाकार रात्रंदिवस केला, तरी शंभर वर्षें पुरणार नाहींत. येथें विचार श्रमांच्या साह्यास येतो. या संख्येस मूळ विभाजक असलाच, तर त्यास १९ च्या दुपटीनें, म्हणजे ३८ नें, भागल्यावर बाकी १ च उरली पाहिजे, असें फर्माच्या सिद्धान्तावरून निघतें. ४१ व २७१ यांस पांचाच्या दुपटीनें भागून हा नियम आपण घरींच पडताळून पाहावा. या एका विचारानें काम सुमारें अठराव्या हिश्श्यावर येतें.

यापुढची अशी मूळसंख्या तेवीस एकांची. मग एकदम ३१७ एकांची. १,०३१ एकांची संख्या मूळ असल्याचें विल्यम्स व डबनर यांनीं १९८६ सालीं यंत्रगणकाच्या साह्यानें सिद्ध केलें. अशा मूळसंख्यांना अंत आहे कीं नाहीं, हा प्रश्न अद्याप सुटलेला नाहीं. प्रश्न समजण्यास पाटी-पेन्सिल पुरे. उत्तरासाठीं साऱ्या जगाचे गणिती खोळंबले आहेत.