गादीचा दुसरा जन्म

कापसाची गादी जुनी झाली म्हणून टाकून देत नाहीत. ती उसवतात, आतला कापूस पिंजतात आणि त्याच कापसाची पुन्हा नवी गादी भरतात. बुलढाणा तालुक्यात पैनगंगेच्या काठी वसलेले देऊळघाट ज्या वऱ्हाडच्या मुलखात आहे, तिथे हा कारागिरीचा धागा थेट शेताशी जोडलेला आहे. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात कापसाची काळी जमीन आहे. तिथल्या खामगावचा कापूस बाजार एवढा मोठा होता की मुख्यत्वे कापसासाठी 1870 मध्ये जलंब-खामगाव हा लोहमार्ग सुरू झाला.

वेचलेल्या कापसातून सरकी काढली की रुई उरते. वजनाने ती साधारण एक तृतीयांश भरते. लांब धाग्याची, स्वच्छ रुई सूतगिरणीकडे जाते. आखूड धाग्याची रुई गादीला चालते, कारण गादीला सूत नको, फुगवटा हवा. कापसाचा तंतू वाळताना चपटा होऊन पीळ घेतो. असे पिळलेले तंतू एकमेकांत अडकतात आणि त्यांच्यामध्ये हवा साठते. गादीचा मऊपणा आणि ऊब या हवेमुळे असते. रोजच्या वजनाने ही हवा निघून जाते. शिवाय कापूस घाम आणि दमट हवा शोषतो. ओल धरलेले तंतू दबून गठ्ठे होतात, गादीत खड्डे पडतात आणि पाठ दुखू लागते.

हे गठ्ठे सोडवण्याचे जुने साधन म्हणजे पिंजण. माणसाच्या उंचीएवढ्या लाकडी धनुष्याला जनावराच्या आतड्याची तात ताणून बांधलेली असते. धनुष्याचा भार हातावर येऊ नये म्हणून ते छताला बांधलेल्या लवचीक बांबूला टांगतात. पिंजारी तात कापसाच्या ढिगात धरतो आणि दोन्ही टोकांना जाड असलेल्या लाकडी ठोक्याने तिच्यावर आघात करतो. थरथरणारी तात तंतू झटकून सुटे करते. हलका कापूस उडून पलीकडे पडतो, तर माती आणि सरकीची टरफले खाली राहतात. ताणलेल्या तातेचा हा घुमणारा आवाज म्हणजेच पिंजारी आल्याची वर्दी असे.

पिंजारी, नदाफ आणि मन्सुरी ही नावे या व्यवसायाशी बांधलेली आहेत. ‘नदाफ’ हा अरबी शब्द कापूस पिंजणाऱ्यासाठीचाच आहे. इसवी सन 922 मध्ये बगदादला देहदंड झालेले सूफी संत मन्सूर अल-हल्लाज यांच्याशी मन्सुरी समाज आपले नाव जोडतो. ‘हल्लाज’ म्हणजेही पिंजारीच. कापसावरच्या कामाची या भागातली परंपरा मात्र त्याहून जुनी आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत सरकी काढण्याच्या लाटण्याचे चित्र अभ्यासकांनी ओळखले आहे.

गादी नवी करण्याचे काम उन्हाळ्यात उत्तम होते. आधी टाके उसवून कापूस मोकळा करतात आणि कडक उन्हात पसरतात. उन्हाने ओल जाते, वास जातो. तोवर खोळ धुऊन वाळते. फाटली असेल तर जाड पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाची नवी शिवतात. पिंजताना धूळ आणि तुटके तंतू गळून वजन घटते, म्हणून थोडा नवा कापूस मिसळतात. भरताना आधी कोपरे ठासतात, मग मधला भाग थराथराने भरून वेताच्या छडीने सारखा करतात. तोंड शिवल्यावर दाभणाने वरून खाली आरपार टाके घालतात. हे टाके कापूस जागच्या जागी धरून ठेवतात. टाके विरळ असले तर चांगला पिंजलेला कापूसही काही महिन्यांत एका बाजूला सरकतो.

आता बहुतेक ठिकाणी पिंजणाची जागा विजेच्या यंत्राने घेतली आहे. त्यातले दातेरी रूळ वेगाने फिरत कापूस फोडतात. दिवसभराचे काम थोड्या वेळात होते, पण यंत्राचे दाते तंतू अधिक तोडतात आणि धूळही अधिक उडवतात. कापसाच्या धुळीने फुप्फुसाचा बिसिनोसिस हा आजार होतो. त्यामुळे पिंजणाऱ्याने नाक-तोंड झाकणे आणि जागा हवेशीर असणे अत्यंत गरजेचे आहे.

कापसाच्या गादीलाही मर्यादा आहेत. खाऱ्या, कायम दमट जागी ती टिकत नाही. मीठ ओल ओढून घेते, आणि तिथे फोमची गादी व खाली हवा खेळेल अशा फळ्याच बऱ्या. वऱ्हाडच्या कोरड्या उन्हात मात्र खाटेच्या विणीतून खालून हवा लागते आणि अंगणात ऊन मिळते. गादी अधूनमधून उन्हात टाकली, उलटीपालटी केली, तर पिंजण्याची वेळ लांबते.

पुन्हापुन्हा पिंजून तंतू आखूड होत जातात आणि शेवटी फुगेनासे होतात. मग तो कापूस गादीतून निघून लोड-तक्क्यांत जातो. तिथे मऊपणापेक्षा भरीवपणा लागतो, आणि तो त्याच्यात अजून शिल्लक असतो.