आकाशातला उंबरठा

मुंबई आणि हैदराबादच्या विमानतळांना जोडणारी सरळ रेषा नकाशावर मारून बघा. ती आमच्या उमरग्यावरून जाते, अगदी डोक्यावरून! हैदराबाद इथून साधारण 200 किलोमीटर. दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून त्या रेषेने येणारं विमान जवळपास इथेच इंजिनं मंदावून उतरायला लागतं. पुढे वेगही कमी करत न्यायचा. आणि त्या उतरत्या वेगात एक उंबरठा असतो.

एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढून पाहिलाय? (कंडक्टर ओरडायच्या आत.) तळवा जरा तिरपा केला की हात आपोआप वर उचलला जातो. पंखांचं सगळं काम एवढंच. पंखांच्या मागच्या कडेला एलेरॉन नावाच्या फळ्या असतात. एक वर, दुसरी खाली केली की विमान एका कुशीवर झुकतं. शेपटीवरचं उभं सुकाणू नाक डावी-उजवीकडे फिरवतं. कामं वेगळी वाटतात ना? पण जेटचे पंख मागे ओढलेले असतात. सुकाणूने नाक डावीकडे नेलं की उजवा पंख वाऱ्याला जास्त सरळ भिडतो, जास्त उचल घेतो आणि विमान डावीकडे कलंडतं. म्हणजे नाक फिरवणारं सुकाणू चोरपावलांनी कुशीही बदलतं.

सुकाणू पूर्ण वळून अडकलं तर ती कलंडणी एलेरॉननी रोखायची. जिंकणार कोण, ते वेग ठरवतो. वेग कमी झाला की तेच वजन पेलायला पंख हवेला जास्त तिरपे धरावे लागतात. पंख जितका राबतो तितका दोन बाजूंच्या उचलीतला फरक वाढतो, आणि एलेरॉनच्या वाट्याला मात्र कमी जोराची हवा येते. एका वेगाखाली एलेरॉन पूर्ण फिरवूनही पुरत नाहीत. वैमानिक त्याला क्रॉसओव्हर स्पीड म्हणतात.

8 सप्टेंबर 1994. अमेरिकेत पिट्सबर्गजवळ यूएसएअर कंपनीच्या 427 क्रमांकाच्या उड्डाणाचं बोइंग 737 सुमारे 190 नॉट वेगाने उतरत होतं, म्हणजे तासाला 350 किलोमीटर. नेमकं त्याच उंबरठ्यावर. सुकाणू डावीकडे गेलं ते गेलंच. अर्ध्या मिनिटाच्या आत विमान जमिनीवर आदळलं. 132 जण गेले. सुकाणू चालवणाऱ्या यंत्रातली झडप अडकून सुकाणू उलटं वळलं असावं, हा निष्कर्ष निघायला 1999 उजाडलं. मधल्या काळात, 1996 मध्ये, ईस्टविंड कंपनीच्या 737 ला असाच झटका बसला होता. ते मात्र 250 नॉटच्या आसपास होतं, आणि सुखरूप उतरलं.

मला सगळ्यात थक्क करणारी गोष्ट पुढची. नाक खाली जाताना ते वर आणायला माणूस हातातला दांडा मागे ओढतो, ओढणारच. पण ओढलं की पंखांवरचा भार वाढतो आणि उंबरठा आणखी वर सरकतो. सुटायचं तर जमीन समोर दिसत असताना दांडा सैल सोडायचा, वेग वाढू द्यायचा.