गावठी कुत्रा ‘मिक्स’ नसतो

संध्याकाळी भुरीला घेऊन टेकडीकडे निघाले की कुणीतरी हमखास थांबतं. “किती गोड आहे हो! ब्रीड कुठलं?” मी सांगते, गावठी. समोरच्याचा चेहरा जरा पडतो आणि मग माझीच समजूत काढल्यासारखं उत्तर येतं, “मिक्स असेल हो काहीतरी. कान बघा ना, अगदी जर्मन शेफर्डचे!” पहिलं वर्षभर मी हसून सोडून देत होते. आता सोडत नाही. याच समजापायी धडधाकट पिल्लं रस्त्यावर मरतात आणि हिमप्रदेशातले हस्की पुण्याच्या उन्हाळ्यात धापा टाकत फिरतात.

समज असा की ‘ब्रीड’चा कुत्रा अस्सल आणि गावठी म्हणजे तसल्या अस्सल कुत्र्यांची रस्त्यावर झालेली भेसळ. इतिहास पाहिला तर गाडी उलटी धावते. आज ज्यांना आपण ब्रीड म्हणतो त्यांतली बहुतेक गेल्या दीड-दोनशे वर्षांत, प्रामुख्याने युरोपात, माणसाने नर-मादी निवडून, ठरवून घडवली. लंडनचा केनेल क्लब १८७३चा. ज्याचे कान भुरीने उसने घेतले म्हणतात, तो जर्मन शेफर्ड ब्रीड म्हणून नोंदला गेला १८९९ साली. आणि आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दायमाबादला १९७४ साली सापडलेला ब्राँझचा रथ आठवा: पुढे बैलजोडी, मागे उभा सारथी आणि मधल्या दांडीवर एक कुत्रा. बहुतेक अभ्यासक तो रथ साडेतीन हजार वर्षांहून जुना मानतात. त्या कुत्र्याचं रक्त कुणी तपासलेलं नाही, पण तो जर्मन शेफर्ड नव्हता एवढं खात्रीने सांगता येतं.

रक्त तपासलेलंच हवं असेल तर तेही झालं आहे. ‘पीएनएएस’ या अमेरिकी संशोधनपत्रिकेत २०१५ साली एक मोठा अभ्यास आला. त्यात १६१ ब्रीडच्या कुत्र्यांबरोबर ३८ देशांतल्या ५४९ गावकुत्र्यांची जनुकं तपासली होती. भारत, व्हिएतनाम आणि इजिप्तमधल्या गावकुत्र्यांत युरोपीय रक्त अगदीच नाममात्र आढळलं. शहरांत लोकांनी हौस फिटल्यावर सोडून दिलेल्या कुत्र्यांशी संकर होतो, हे खरं. पण त्यावरून सगळ्या गावठी कुत्र्यांना मिक्स म्हणणं म्हणजे धरणात बादलीभर पाणी ओतून धरणच आपलं म्हणण्यासारखं आहे.

“मग त्याला नाव नको का काही?” आहे की. शास्त्रज्ञ अशा प्राण्याला ‘लँडरेस’ म्हणतात. कुणी कागदावर जोड्या न लावता, त्या त्या मुलखाच्या हवामानात आणि माणसांच्या सोबतीने पिढ्यान्‌पिढ्या घडत गेलेला वाण. मध्यम बांधा, आखूड केस, निमुळतं तोंड, उभे कान, पाठीवर वळलेली शेपटी. आपल्या भाषेत याला ‘गावरान’ म्हणतात. गावरान कोंबडी आणि गावरान अंडी आपण जास्त पैसे मोजून आणतो. तोच शब्द पट्ट्याच्या टोकाला आला की नाक मुरडतो.

याच गैरसमजाचं दुसरं टोक: “गावठी कधी उलटेल याचा नेम नाही. लॅब कसा, जन्मतःच शांत.” ‘सायन्स’ या पत्रिकेत २०२२ साली १८ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांनी भरलेल्या प्रश्नावल्या आणि दोन हजारांवर कुत्र्यांचे जनुकीय आराखडे तपासून निष्कर्ष निघाला, की कुत्र्या-कुत्र्यांमध्ये वागण्याचा जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम ९ टक्के ब्रीडवरून सांगता येतो. रूप ब्रीडवरून कळतं, स्वभाव फारसा कळत नाही. राहिली अक्कल. कोलकात्याच्या ‘आयसर’ या विज्ञानसंस्थेतल्या संशोधकांनी रस्त्यावरच्या, कधीच न शिकवलेल्या कुत्र्यांपुढे दोन भांडी ठेवली आणि त्यांतल्या एकाकडे बोट दाखवलं. निम्मे बिचकून जवळच आले नाहीत. जे आले, त्यांतले सुमारे ८० टक्के बरोबर बोट दाखवलेल्या भांड्याकडे गेले.

रस्त्यावरचे कुत्रे चावतात, रेबीजने माणसं दगावतात, हे मी नाकारत नाही. पण लस न दिलेल्या कुठल्याही कुत्र्याला रेबीज होऊ शकतो, विकत आणलेल्यालाही. कोणताही कुत्रा चावला तर जखम १५ मिनिटं साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. पोटातल्या १४ इंजेक्शनांचा जमाना कधीच गेला.

आता किरकोळ समज, भराभर.

“गावठीला लस लागत नाही.” लागते. पार्व्हो आणि डिस्टेंपर हे आजार ब्रीड विचारून येत नाहीत.

“दूध-पोळीवर भागतं.” दूध अनेक मोठ्या कुत्र्यांना पचत नाही आणि नुसत्या पोळीतून पुरेशी प्रथिनं मिळत नाहीत.

“मादीला एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत.” त्याची वैद्यकीय गरज नाही. नसबंदी करा.

“मोठा कुत्रा लळा लावत नाही.” भुरी आली तेव्हा दोन वर्षांची होती. आज मी बाथरूममध्ये गेले तरी ती दाराशी बसते.

“सोसायटीत चालत नाही.” भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांनुसार बहुमताने ठराव करूनही पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही.

पण म्हणून प्रत्येकाने गावठी पाळावा असं माझं म्हणणं नाही. हा जागरूक कुत्रा आहे. बेल वाजली की भुंकणार, अनोळखी पाहुण्याला दोन दिवस लांबूनच न्याहाळणार, रोज तासभर फिरवला नाही तर चपला खाणार. पिल्लू आणायचं तर दोन महिन्यांचं होईपर्यंत आईजवळ राहू द्या आणि नंतरचे काही आठवडे त्याला माणसं, मुलं, रिक्षा, कुकरची शिट्टी सगळं हळूहळू दाखवा. याच वयात त्याची भीती जाते. लसीकरणाची नोंद ठेवा, महापालिकेचा परवाना काढा.

‘आयसर’च्याच २०१६च्या अभ्यासात रस्त्यावर जन्मलेल्या ३६४ पिल्लांची नोंद ठेवली होती. सात महिन्यांची होईपर्यंत जगली फक्त १९ टक्के, आणि बहुतेक मृत्यूंना कारण माणूस होता. दिवाळीनंतरच्या थंडीत तुमच्याही पार्किंगमध्ये एखादी वीण दिसेल. हस्कीसाठी आगाऊ पैसे भरण्याआधी एकदा गाडीखाली वाकून बघा. त्यातलं एक घरी आणलंत आणि कुणी ब्रीड विचारलं, तर आवाज न उतरवता सांगा, गावठी.