मेलबर्नला आचारी आणताना

मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात एका ताईंचं मराठी जेवणाचं छोटं हॉटेल आहे. त्यांचे हिशेब मी बघते. २०२५च्या हिवाळ्यात त्यांनी पुण्याहून आचारी आणायचं ठरवलं आणि सगळे कागद माझ्या टेबलावरून गेले. अर्ज नोंदणीकृत मायग्रेशन एजंटने भरला, जुळवाजुळव आमची.

टप्पे तीन. आधी धंद्याला स्पॉन्सर म्हणून मान्यता, मग त्या जागेचं नॉमिनेशन, शेवटी माणसाचा व्हिसा. मान्यता त्या मानाने सोपी: ४२० डॉलर फी, आणि एकदा मिळाली की पाच वर्षं चालते. खरी परीक्षा नॉमिनेशनची. हे काम करणारा माणूस इथे मिळत नाही, हे दाखवायला किमान चार आठवडे जाहिरात द्यावी लागते. अर्ज आले, बरेच आले. पण भाकरी थापणारा, रश्श्याचं वाटण जमणारा एकही नव्हता. सरकारी यादीत मात्र 'भाकरी' कुठे बसत नाही. तिथे व्यवसाय आहे 'शेफ', आणि त्यालाही अट आहे: फास्ट फूड, टेकअवे किंवा मोजक्याच पदार्थांचा कॅफे असेल तर शेफ आणता येत नाही. म्हणून टेबलांचे फोटो, मेनू कार्ड, आठवड्याच्या पाळ्या, सगळं जोडलं.

मग पगार. १ जुलै २०२५ पासून या व्हिसासाठी वर्षाला किमान ७६,५१५ डॉलर द्यावे लागत होते, निवृत्तीचा 'सुपर' वेगळा. शिवाय त्याच कामाला इथल्या माणसाला जे मिळतं, त्याहून कमी चालत नाही. ताईंना आधी वाटलं, वर खोली आहे, दोन वेळचं जेवण आहे, ते पगारात धरू. आपल्याकडे हॉटेलात असंच चालतं आणि त्यात कुणाला गैर वाटत नाही. इथे ही किमान रक्कम रोख पगाराचीच भरावी लागते, खोली-जेवण त्यात मोजत नाहीत. मला हा नियम अगदी योग्य वाटतो. मालकाच्याच खोलीत राहणारा, मालकाच्याच ताटात जेवणारा माणूस भांडायला उभा राहू शकत नाही.

लेव्हीबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. स्थानिक कामगारांच्या प्रशिक्षणासाठी हा निधी घेतात. उलाढाल एक कोटी डॉलरच्या आत असेल तर व्हिसाच्या दर वर्षासाठी १,२०० डॉलर. चार वर्षांचे ४,८०० डॉलर नॉमिनेशन भरतानाच एकरकमी द्यायचे. निधीला विरोध नाही, पण चारजणांच्या हॉटेलाला हप्ते मिळायला हवेत. आचारी पहिल्या वर्षातच सोडून गेला तर उरलेल्या पूर्ण वर्षांचे पैसे परत मागता येतात, एवढा दिलासा आहे.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो पुण्यातल्या कागदांपायी. व्हिसाला किमान एक वर्षाचा पूर्णवेळ अनुभव दाखवावा लागतो. आमच्या आचाऱ्याने खानावळीत कितीतरी वर्षं चुलीपुढे काढलेली, पण पगार रोख, पावती नाही, हजेरीची वहीसुद्धा नाही. "दादा, माझं काम सगळ्या पेठेला माहीत आहे," तो एजंटला फोनवर सांगायचा. पेठेला माहीत असून भागत नाही. शेवटी आधीच्या एका हॉटेलाने बँकेतून पगार दिला होता, ती खात्याची नोंद सापडली. तिथल्या मालकांनी कामाच्या तपशिलासह पत्र दिलं आणि गाडी पुढे सरकली. हाताला चव असलेली कितीतरी माणसं याच ठिकाणी अडकत असणार, ही गोष्ट मला फार लागली.

माणूस आला की मालकाची जबाबदारी वाढते. त्याने नोकरी सोडली तर २८ दिवसांत इमिग्रेशन खात्याला कळवायचं. त्याने लेखी मागितलं तर परतीचं भाडं द्यायचं. कामगाराची बाजूही आता पूर्वीइतकी लंगडी राहिलेली नाही. आधी नोकरी सुटली की नवा स्पॉन्सर शोधायला ६० दिवस मिळत. १ जुलै २०२४ पासून एका वेळी १८० दिवस मिळतात आणि तेवढ्या काळात दुसरीकडे काम करता येतं. व्हिसाची भीती घालून राबवून घेणं हा त्याच दिवसापासून गुन्हा आहे. ताईंनी पहिल्याच दिवशी त्याला समोर बसवून हे सगळं मराठीत सांगितलं. प्रत्येक मालकाने असं करावं.

गावाकडे हे वाचणाऱ्यांना एक विनंती. 'ऑस्ट्रेलियाची स्पॉन्सरशिप मिळवून देतो, इतके लाख लागतील' असं कुणी म्हणालं तर जमीन गहाण टाकू नका. स्पॉन्सरशिपच्या बदल्यात पैसे घेणं आणि देणं, दोन्ही २०१५ पासून तिथे बेकायदा आहे. मान्यतेचा, नॉमिनेशनचा आणि लेव्हीचा खर्च मालकाचाच. तो पगारातूनही कापता येत नाही. एजंटला त्याचा नोंदणी क्रमांक विचारा आणि ऑस्ट्रेलिया सरकारच्या यादीत तपासा. आणि आज जिथे काम करता तिथे पगार बँकेतूनच मागा.