गुंता खाली, दोष वर

कापडाखाली दोऱ्याचा गुंता झाला की बहुतेक जण बॉबिन केसचा स्क्रू पिळू लागतात. खरे तर आधी वरचा दोरा तपासायला हवा. १८४६ साली इलियास होवे यांनी पेटंट घेतलेल्या दोन दोऱ्यांच्या टाक्याची रचनाच तसे सांगते. सुई वर येऊ लागताच दोऱ्याचा फास तयार होतो, शटलचे टोक तो पकडून बॉबिनभोवती फिरवते आणि मग तो वर खेचला जातो. वरचा ताण कमी पडला, तर जास्तीचा दोरा खालीच साचतो. म्हणून दोरा ओवताना फूट वर उचलावा. तेव्हाच ताणाच्या चकत्या सैल होतात आणि दोरा त्यांच्यामध्ये नीट बसतो.

मग बॉबिन कधीच बिघडत नाही का? बिघडते. ती वेडीवाकडी भरली किंवा केसच्या पट्टीखाली धूळ अडकली, तर तिचाही ताण बदलतो. पण सैल बॉबिनचे लक्षण उलटे असते: खालचा दोरा वरच्या बाजूला डोकावतो. म्हणून आधी वरचा दोरा पुन्हा ओवावा, मग सफाई करून चिंधीवर टाके पाहावेत. स्क्रूला हात शेवटी, तोही किंचितच लावावा.