आखलेली जमीन, सुटलेली इमारत : सुरतच्या बांधकाम-नियमनाचा आढावा

सुरत नगरपालिकेचे १९६६ साली महानगरपालिकेत रूपांतर झाले, तेव्हा शहराचे क्षेत्र अवघे ८.१८ चौरस किलोमीटर होते. २००६ च्या हद्दवाढीनंतर ते ३२६ चौरस किलोमीटरांवर गेले आणि २०२० च्या हद्दवाढीनंतर सुमारे ४६२ वर पोहोचले. १९६१ मध्ये पावणेतीन लाखांच्या थोडी वर असलेली लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ४४ लाखांच्या पुढे गेली होती. इतक्या वेगाने पसरणाऱ्या शहरात खासगी मालकाने स्वतःच्या जमिनीवर काय बांधावे, किती उंच बांधावे आणि ते कशासाठी वापरावे यावर सरकारने अंकुश ठेवायचा तो कसा, या प्रश्नाला सुरतने दिलेले उत्तर एकसंध नाही. जमिनीची आखणी करण्यात या शहराने देशातील बहुतेक शहरांना मागे टाकले. मात्र आखलेल्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या इमारतीकडे लक्ष ठेवण्यात त्याची यंत्रणा वारंवार कमी पडली. त्या उणिवेची किंमत मोजली ती भाडेकरूंनी, कामगारांनी आणि विद्यार्थ्यांनी, ज्यांची सही परवानगीच्या कोणत्याही कागदावर कधी नव्हती.

मराठी वाचकाला हा विषय परका नाही. सुरतचा कारभार ज्या कायद्याने चालतो तो १९४९ चा मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम पुण्यासह महाराष्ट्रातील बहुतेक महानगरपालिकांनाही लागू आहे. दोन्ही राज्यांनी आता त्याची नावे बदलली असली, तरी विनापरवाना बांधकामाला नोटीस देऊन ते पाडण्याचा अधिकार देणारे कलम २६० दोन्हीकडे तेच आहे. शिवाय सुरत–भुसावळ रेल्वेमार्गाने जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेली हजारो कुटुंबे उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत राहतात, त्यांच्या मुलांसाठी महापालिका मराठी माध्यमाच्या शाळा चालवते, आणि नियमनाच्या यशापयशाचा अनुभव या वस्त्यांना सर्वांत जवळून येतो.

सत्तेने शहराची मर्यादा ठरवण्याची परंपरा सुरतेत जुनी आहे. शिवाजी महाराजांच्या १६६४ च्या स्वारीनंतर मोगलांनी शहराभोवती विटांचा तट बांधायला घेतला आणि अठराव्या शतकाच्या आरंभी त्याबाहेर आलमपनाह हा दुसरा तट उभा राहिला. दिल्ली दरवाजा, सहारा दरवाजा, मजुरा दरवाजा ही नावे त्या तटाची आठवण म्हणून आजही चौकांना चिकटून आहेत. तटाच्या आत घरे लाकडाची आणि गल्ल्या अरुंद होत्या. एप्रिल १८३७ च्या आगीत नऊ हजारांहून अधिक घरे जळाली आणि त्याच वर्षी तापीला पूरही आला. आग आणि पाणी या दोन संकटांनीच पुढेही सुरतच्या बांधकाम-नियमांना पुन्हा पुन्हा हात घालायला लावला आहे.

आधुनिक नियमनाचा पाया १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्याने घातला. त्यातून आलेली ‘नगररचना योजना’ ही कल्पना मराठी वाचकाने मुंबईत वांद्रे, सांताक्रूझ, विलेपार्ले येथील सरळ रस्त्यांच्या रूपाने पाहिली आहे, पण महाराष्ट्रात ती पुढे जवळजवळ विस्मरणात गेली. गुजरातने मात्र १९७६ च्या नगररचना व नगरविकास कायद्यात ती जपली आणि सुरत नागरी विकास प्राधिकरण, म्हणजे रोजच्या बोलण्यातले ‘सुडा’, १९७८ मध्ये स्थापन झाल्यावर तीच शहराच्या विस्ताराचे मुख्य साधन ठरली. योजनेचे तत्त्व असे की, रस्त्यासाठी एकाची जमीन पूर्ण संपादित करून शेजाऱ्याला आयता लाभ मिळवून देण्याऐवजी शंभरेक हेक्टरांच्या पट्ट्यातील सर्व वेड्यावाकड्या शेतजमिनी कागदावर एकत्र करायच्या, प्रत्येक मालकाकडून ठरावीक हिस्सा कापून घ्यायचा आणि उरलेली जमीन रस्त्याला लागून असलेल्या आयताकृती ‘अंतिम खंडा’च्या रूपाने त्याला परत द्यायची. कायद्याने या कपातीचे प्रमाणही घालून दिले आहे : रस्त्यांसाठी १५ टक्के, बागा व मैदानांसाठी ५ टक्के, शाळा-दवाखान्यांसारख्या सामाजिक सोयींसाठी ५ टक्के, प्राधिकरणाने विकून खर्च भागवण्यासाठी १५ टक्के, आणि दुर्बल घटकांच्या घरांसाठी १० टक्क्यांपर्यंत.

अर्धी जमीन जाऊनही मालक सहसा विरोध करत नाही, कारण उरलेल्या अर्ध्या जमिनीची किंमत पूर्वीच्या सगळ्या जमिनीहून अधिक होते आणि त्या वाढीतला काही हिस्सा ‘सुधार आकार’ म्हणून महापालिकेला मिळतो. सरकार, मालक आणि बांधकाम व्यावसायिक या तिघांचाही लाभ एकाच दिशेने असल्यामुळेच सुरतेत शंभराहून अधिक योजना झाल्या आणि अडाजण, पाल, वेसू या भागांत इमारतींच्या आधी रुंद रस्ते पोहोचले. अंतिम मंजुरीला वर्षानुवर्षे लागत असत. त्यावर कायद्यात दुरुस्ती करून मसुदा मंजूर होताच रस्त्याची जमीन ताब्यात घेण्याची सोय करण्यात आली. पुण्याजवळ म्हाळुंगे-माण येथे ही पद्धत अलीकडे पुन्हा हाती घेतली गेली, ती गुजरातचा अनुभव पाहूनच.

तथापि योजना जिथे उशिरा पोहोचली तिथले चित्र अगदी निराळे आहे. १९७६ च्या नागरी जमीन कमाल मर्यादा कायद्याने मोठ्या मालकांना अधिकृत विभागणीपासून परावृत्त केले. तो कायदा गुजरातने १९९९ मध्ये सोडला, पण तोपर्यंत यंत्रमाग आणि हिरे-उद्योगाने लाखो माणसे शहरात आणली होती. लिंबायत, उधना, पांडेसरा आणि वराछाच्या शेतांचे लहान लहान प्लॉट पडले, ते बिनशेती परवानगी न घेता साध्या स्टँप पेपरवर विकले गेले, आणि खाली माग व वर भाड्याच्या खोल्या अशी घरे भिंतीला भिंत लावून उभी राहिली. अशा वस्तीत नगररचना योजना नंतर लावायची म्हटली, तर कापून घ्यायला मोकळी जमीनच उरलेली नसते. म्हणूनच ज्या पद्धतीचा एवढा गौरव होतो, तिचा लाभ मुख्यतः मोकळ्या जमिनीच्या पट्ट्यांना झाला आणि कामगार वस्त्यांच्या वाट्याला त्यातला फार थोडा भाग आला, असे म्हणावे लागते.

सप्टेंबर १९९४ मधील प्लेगच्या उद्रेकाने ही दुभंगलेली रचना देशासमोर आणली. मे १९९५ मध्ये आयुक्तपदी आलेल्या एस. आर. राव यांची स्मृती स्वच्छतेसाठी राहिली असली, तरी त्यांच्या कामाचा दुसरा निम्मा भाग बांधकाम-नियमनाचा होता. महानगरपालिका कायद्यात ‘रस्तारेषा’ नावाची तरतूद आहे. रस्त्याची नियमित कड एकदा निश्चित झाली की तिच्यापुढे आलेला बांधकामाचा भाग पालिकेला काढून घेता येतो. राव यांनी ही तरतूद आणि कलम २६० यांचा वापर प्रभावशाली मालकांच्या इमारतींपासून सुरू केला, त्यामुळे झोपडीवर हातोडा आणि हॉटेलला अभय ही लोकांची नेहमीची तक्रार त्या वेळी फारशी उरली नाही. नवा कायदा न करता जुन्या कलमांच्या बळावर हे घडले, ही बाब आजही लक्षात ठेवण्याजोगी आहे. दोन वर्षांच्या आत देशातील दुसरे स्वच्छ शहर म्हणून सुरतचे नाव घेतले गेले. परंतु ही धडाडी आयुक्ताच्या व्यक्तिमत्त्वावर उभी होती. नियमित तपासणी करणारी यंत्रणा त्यातून तयार झाली नाही.

ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून नऊ लाख क्युसेकच्या घरात पाणी सोडले गेले आणि शहराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग बुडाला. धरणाच्या परिचालनावर त्या वेळी बरीच चर्चा झाली, तीत तथ्यही होते. पण १९७२ मध्ये उकाई पूर्ण झाल्यावर ‘आता पूर येणार नाही’ या भरवशावर तापीच्या दोन्ही तीरांवर परवानग्या देत गेल्याने नदीचा पसरण्याचा मार्ग आक्रसला, हेही तितकेच खरे आहे. नंतर पूर्वसूचनेची चांगली व्यवस्था उभी राहिली आणि काठावरच्या अनेक गरीब कुटुंबांना कोसाडसारख्या दूरच्या वसाहतींत हलवण्यात आले. नदीकाठच्या उंच इमारती मात्र जागेवर राहिल्या. मीठी, कोयली, भेदवाड या खाड्यांच्या काठी तर अद्याप दर काही वर्षांनी पाणी घरात शिरते, आणि या खाड्या मुख्यतः लिंबायत-पर्वत पाटियाच्या बाजूने वाहतात.

इमारतीच्या नियमनाची गाठ याहून अवघड आहे. कागदावर क्रम साधा आहे : नकाशा मंजूर झाला की बांधकामाची ‘रजाचिठ्ठी’ मिळते, बांधकाम मंजुरीप्रमाणे झाल्याची खात्री पटली की वापर-परवानगी, म्हणजे सुरतेत सर्वांच्या तोंडी असलेले ‘बीयू’, मिळते, आणि त्यानंतरच माणसांनी आत जायचे. २०१७ पासून गुजरातभर एकच विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. महाराष्ट्रातील २०२० ची एकत्रित नियमावली याच वळणाची आहे. चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधता येईल याचे माप, दोन्हीकडे ठरावीक मर्यादेपुढे पैसे भरून वाढवता येते. खरी अडचण बीयूनंतर सुरू होते, कारण गच्चीवर शेड चढली, पार्किंगमध्ये दुकाने आली किंवा घरांच्या जागी शिकवणी वर्ग भरू लागले, तरी ते पाहण्यासाठी ठरावीक मुदतीने कोणी येत नाही. आणि बीयू न घेताच वापर सुरू झाला, तर तो रोखण्याची इच्छा त्याहूनही दुर्मीळ असते.

त्यात भर पडली ती नियमितीकरणाच्या कायद्यांची. गुजरातने २००१, २०११ आणि २०२२ असे तीनदा अनधिकृत बांधकामे शुल्क घेऊन कायम करण्याचे कायदे केले. या शुल्काला लोक ‘इम्पॅक्ट फी’ म्हणतात. यातला पहिला कायदा आला ते वर्ष कच्छच्या भूकंपाचे होते, ज्यात सुरतेतही बहुमजली इमारत कोसळून माणसे दगावली होती. छोट्या घरमालकाला कायमच्या टांगत्या भीतीतून सोडवण्याचा हेतू प्रामाणिक मानला, तरी दर दहा वर्षांनी माफी मिळते हे ठाऊक असलेला विकासक दंडाची रक्कम आधीच बांधकामखर्चात धरतो. महाराष्ट्राने २००१ चा गुंठेवारी कायदा केला आणि पुढे त्याची मुदत २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढवली, तोही याच वाटेने गेला.

या वाटेचा शेवट २४ मे २०१९ रोजी सरथाणा येथील तक्षशिला आर्केडमध्ये दिसला. त्या आगीत २२ जणांचा मृत्यू झाला, त्यांत बहुतेक वरच्या मजल्यावरील वर्गात शिकणारी मुले-मुली होती. निवासी म्हणून मंजूर झालेल्या जागेवर व्यापारी संकुल उभे राहिले, पुढे ते इम्पॅक्ट फीच्या कायद्याखाली नियमित झाले आणि त्यानंतर गच्चीवर आणखी एक ज्वालाग्राही मजला चढला, असे चौकशीतून पुढे आले. गुजरातचा आग-प्रतिबंधक व जीवसुरक्षा कायदा २०१३ पासून अस्तित्वात होताच. म्हणजे नियम नव्हते असे नाही. नियमितीकरणाच्या वेळी अग्निसुरक्षेची नव्याने तपासणी व्हावी आणि ती झाल्याशिवाय शुल्क स्वीकारू नये, एवढी साधी सांगड घातली गेली नाही. घटनेनंतर काही अधिकाऱ्यांवर गुन्हे दाखल झाले आणि हजारो दुकाने व वर्गांना सील लागले. २०२१ मध्ये मात्र राज्य सरकारने बीयू नसलेल्या इमारतींना कारवाईपासून काही काळ सूट देणारी अधिसूचना काढली, आणि रुग्णालयांतील आगींच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती स्थगित केली. मे २०२४ मध्ये राजकोटच्या गेम झोनमध्ये २७ जण जळून गेले, तेव्हा सुरतेत सीलबंदीची दुसरी लाट आली. दुर्घटनेनंतर सील आणि काही महिन्यांनी सवलत असा हा क्रम ठरून गेला आहे, आणि तो बदलल्याशिवाय कितीही नवी कलमे निष्फळ ठरतील.

त्याच वर्षी ६ जुलै रोजी सचिन औद्योगिक वसाहतीलगतच्या पाली गावात दशकभरही जुनी न झालेली बहुमजली इमारत कोसळून सात जण ठार झाले. आत राहत होते ते परप्रांतातून आलेले कामगार. ठाण्याजवळ मुंब्रा येथे एप्रिल २०१३ मध्ये ७४ जणांचा बळी घेणाऱ्या इमारतीशी या घटनेचे साम्य आहे : दोन्हीकडे स्वस्त खोलीची गरज मोठी होती, अधिकृत मार्गाने ती कोणी पुरवत नव्हते, आणि बांधकामाचा दर्जा तपासणारा अभियंता कुठेच नव्हता. भाड्याच्या कामगार-निवासासाठी सुटसुटीत आणि स्वस्त परवानगीची सोय नसेल, तर गरिबाची खोली नेहमी कायद्याबाहेरच बांधली जाते. नियमनाच्या अपयशाचे हे कारण बेशिस्तीपेक्षा खोल आहे.

श्रीमंत वस्त्यांतही नियम वाकतात, त्याचे उदाहरण विमानतळाजवळ आहे. वेसूच्या बाजूच्या काही इमारती परवानगीपेक्षा उंच झाल्याने धावपट्टीवर एका दिशेने उतरताना वापरता येणारी लांबी कमी करावी लागली आणि प्रकरण गुजरात उच्च न्यायालयात गेले. तेथून फार दूर नसलेल्या खजोद येथे डिसेंबर २०२३ मध्ये उद्घाटन झालेला हिरे बाजार सुमारे ६७ लाख चौरस फुटांवर, पंधरा मजल्यांच्या नऊ मनोऱ्यांत, शासनाने आखलेल्या ड्रीम सिटीत उभा आहे. इतक्या बारकाईने एक संकुल उभारू शकणाऱ्या शहराकडे तांत्रिक क्षमता नाही, असे कोणी म्हणणार नाही.

त्या क्षमतेचा थोडा भाग वापरात असलेल्या इमारतींकडे वळवण्याचे मार्गही अवघड नाहीत. मंजूर मजले, मंजूर वापर आणि बीयूचा दिनांक दर्शवणारा फलक प्रवेशद्वारावर हिंदी, गुजराती, मराठी आणि ओडियात लावणे सक्तीचे केले, तर भाडेकरूला निदान आपण कुठे राहतो ते कळेल. वीजजोडणी आणि व्यवसाय परवाना बीयूशी जोडला, तर निरीक्षकाच्या मर्जीवरचे अवलंबित्व घटेल. आणि ठरावीक वर्षांनी संरचनात्मक तपासणी करून तिचा अहवाल सर्वांना पाहता येईल असा ठेवला, तर पालीसारख्या इमारतीची अवस्था कोसळण्याआधी कळेल. २०२० मध्ये शहरात आलेल्या सचिन, कनसाड आणि भोवतालच्या गावांत हे तातडीचे आहे, कारण तेथील शेतांवर नगररचना योजनांच्या रेषा आखल्या जाण्याआधीच गावठाणांच्या कडेला भाड्याच्या खोल्यांचे मजले चढू लागले आहेत.